मागचे पाय नसलेला घोडा

रिसालदार हे काही त्यांचं खरं पद नव्हतं. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली. घोड्यावर बसणं सोडाच, घोड्याच्या जवळपास फिरकतानाही गल्लीत कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. पण त्यांचे आजोबा रिसाल्यात होते, गोऱ्या साहेबांच्या राज्यातल्या घोडदळात, आणि त्या आजोबांच्या कोटाचं एक पितळी बटण घरात होतं. तेवढ्या भांडवलावर माणसानं उभा जन्म काढला. आजोबा साधे स्वार होते. रिसालदार झाला तो नातू, आणि तोही गल्लीनं केलेला.

बटण औषधाच्या गोळ्यांच्या एका जुन्या पत्र्याच्या डबीत, कापसावर ठेवलेलं असे. काळपट हिरवं पडलेलं, मोठ्या नाण्याएवढं. त्यावर उजवीकडे तोंड करून धावणारा घोडा. घोड्याचं तोंड, आयाळ, उचललेले पुढचे पाय सगळं जागच्या जागी, पण मागच्या बाजूला काहीच नव्हतं. शेपूट नाही, मागचे पाय नाहीत, नुसता गुळगुळीत उतार. गल्लीतलं एखादं पोर विचारायचंच, "आजोबा, याचे मागचे पाय कुठे गेले?" त्यावर रिसालदारांचं उत्तर ठरलेलं. "अरे, पळतोय किती जोरात! मागचे पाय दिसायला आधी तो थांबायला नको का?"

बटण कोटावरून तुटलं कसं, याची गोष्ट मात्र दरवेळी बदलायची. कधी शत्रूची तलवार छातीवरून निसटती जायची, कधी पडलेल्या सोबत्यानं शेवटचा आधार म्हणून कोट धरलेला असायचा. एकदा तर म्हणे आजोबांच्या स्वतःच्या घोड्यानंच ते लाडानं दातांनी ओढून काढलं होतं. ऐकणाऱ्यांनी कधी हरकत घेतली नाही. रिसालदार इतका जीव लावून सांगायचे की खोटं पाडायला मन धजत नसे.

या घरात नवी सून येऊन वर्ष व्हायचं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होती. डॉक्टर माप पाठवायचे, ही मंडळी दात बनवून द्यायची, आणि शेवटचा हात फिरवून दाताला चकाकी आणायचं काम तिच्याकडे असायचं. सासूबाई लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. घरात नवरा, सासरे आणि ती. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच वारले होते. सासरी आपल्याला वडील मिळतील, असं तिनं लग्न ठरलं तेव्हाच मनाशी धरून ठेवलं होतं.

पण घोडं अडलं ते पहिल्याच दिवशी. पहिल्यांदा वाढायला आली आणि सवयीनं डाव्या हातानं वाढू लागली. ती जन्माची डावखुरी. रिसालदारांनी तिच्या हाताकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "आमच्या घराण्यात डावखुरं कुणी झालं नाही बुवा." बोलण्यात खोच नव्हती, राग नव्हता. पण काही वाक्यं अशी असतात की बोलणारा हात धुऊन उठतो आणि ऐकणाऱ्याच्या घशात काटा राहतो. आपण या घरातल्या नव्हेत, एवढंच तिनं त्यातून ऐकलं.

त्यातून सासरे तिला कशानंच हाक मारत नसत. नाव नाही, सूनबाई नाही, अगं-तुगं नाही. "चहा झालाय का?" हे ते खिडकीला विचारायचे. "दार उघडं राहिलंय" हे दाराला सांगायचे. वाईट वागायचे असं मुळीच नाही. तिला उशीर झाला तर कोपऱ्यापर्यंत येऊन उभे राहायचे, आणि ती दिसली की आधीच वळून घराकडे चालू लागायचे.

"बाबा लाजतात गं," नवरा म्हणायचा.

"लाजतात? सगळ्या गल्लीत घोडे नाचवतात आणि सुनेशी बोलायला लाजतात?"

"आईशी पण पहिली काही वर्षं असेच बोलायचे म्हणे."

"म्हणजे मी अजून काही वर्षं खिडकी होऊन राहायचं तर!"

नवरा हसायचा, तीही हसायची. पण आतून तिला फार वाटायचं की या माणसानं एकदा तरी आपल्याला काहीतरी म्हणावं. काहीही.

त्या घरात तिचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे एक उलथनं. स्वयंपाकघरातल्या खणात अगदी तळाशी पडलेलं, लोखंडी, जुनं, धार एका बाजूला तिरपी झिजलेली. बापलेक त्याला वाकडं उलथनं म्हणायचे. त्यांच्या हातात ते तव्यावर नीट टेकायचंच नाही. तिनं हातात घेतलं आणि ते तव्याला असं चिकटून सरकलं की ती स्वतःशीच हसली. तेव्हापासून ती दुसरं उलथनं वापरत नव्हती. "नवं आणता येईल की," असं रिसालदारांनी एकदा फडताळाला सांगितलं होतं. फडताळानं काही मनावर घेतलं नाही.

आणि एके दिवशी संग्रहालयातून फोन आला. आजोबांच्या, पुढे मोडून टाकलेल्या रिसाल्याचं प्रदर्शन भरणार होतं. ज्यांच्या घरी काही जुनं असेल त्यांनी दाखवायला आणावं, असं तिथल्या बाईंनी कळवलं. रिसालदारांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आजोबांचं बटण काचेखाली ठेवलं जाणार, येणारे-जाणारे ते बघणार! आठवडाभर ते आरशासमोर रिसाल्याचा इतिहास बोलून बघत होते. शर्टाला इस्त्री तर दोनदा झाली.

सुनेनं ते सगळं पाहिलं आणि तिला वाटलं, यात आपलाही हात लागावा. आता दात चकचकीत करणाऱ्या बाईला काय सुचणार? तिनं जायच्या आदल्या दिवशी डबी गुपचूप पिशवीत टाकली आणि कारखान्यात नेली. दात घासायच्या फिरत्या मोटारीवर धरायचा धीर झाला नाही, पितळ खाल्लं गेलं असतं. म्हणून शेवटच्या चकाकीची बारीक लुकटी, म्हणजे पॉलिशची पेस्ट, तिनं मऊ कापडाला लावली आणि अंगठ्यानं हळूहळू घासू लागली. काळं पुट निघालं, खालून पिवळं पितळ वर आलं. गंमत म्हणजे तिचा अंगठा घोड्याच्या मागच्या उतारावर असा बसला, जणू कुणी त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. आयाळीच्या बारीक रेघांत काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं, तेवढं तिला काढता आलं नाही.

सकाळी रिसालदारांनी निघायच्या आधी डबी उघडली.

ती त्यांनी उजेडाकडे नेली. मग खाली बसले. "हे कुणी केलं?" आणि या वेळी खिडकीला नाही, सरळ तिच्याकडे बघून विचारलं. वर्षभर ज्या नजरेची वाट पाहिली ती अशी मिळाली.

"मी," ती म्हणाली. "आज तुम्ही नेणार म्हणून. चांगलं दिसावं म्हणून, बाबा."

"माझ्या वडिलांनी याला कधी हात लावला नाही. मी लावला नाही. होतं तसं ठेवलं होतं आम्ही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तसं छान दिसतंय की," नवरा बोलून गेला आणि दोघांच्याही नजरा बघून कामावर जायला निघाला. जुन्या वस्तूवरचं पुट काढायचं नसतं, तेच तिचं वय असतं, हे त्यानंच तिला जिन्यात हळू आवाजात सांगितलं. करायला गेली काय आणि होऊन बसलं काय! एवढ्या मोठ्या घरात जपलेली वस्तू एकच, आणि तिचा सत्यानाश परक्या घरातून आलेल्या पोरीनं करावा.

रिसालदार जायला तयार नव्हते. पण शब्द दिला होता. गुडघ्यांमुळे एकट्यानं बस चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून तिनं रजा टाकली आणि बरोबर निघाली. बसमध्ये ते खिडकीशी बसले, डबी दोन्ही हातांत धरून. ती शेजारी बसली. आज खिडकीशीसुद्धा बोलणं नव्हतं.

संग्रहालयातल्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, नाकावर चष्मा घसरलेला. त्यांनी बटण पाहिलं आणि पहिल्यांदा कपाळावर आठी आणली. "घासलंय."

"मी घासलं," सून म्हणाली. दुसऱ्या कुणी काही म्हणायच्या आत तिला ते म्हणून टाकायचं होतं. "यांना माहीत नव्हतं. चूक माझी आहे."

"पुन्हा करू नका," बाई म्हणाल्या. मग बटण दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि त्यांची आठी हळूहळू गेली. "हे कसं? याला तोंड आहे!"

"घोड्याला तोंड असतंच," रिसालदार जरा तोऱ्यात म्हणाले. आजोबांचा विषय निघाला की त्यांचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

"या रिसाल्याच्या घोड्याला नसतं. या, दाखवते."

बाईंनी एक उथळ खण ओढला. आत तशीच बटणं ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर धावणारा घोडा, आणि प्रत्येक घोडा मुंडकं गेलेला. शेपट्या मात्र झोकात उडालेल्या, मागचे पाय टापांसकट शाबूत.

बाई सांगू लागल्या, आणि रिसालदार आपलं आठवडाभराचं भाषण विसरून ऐकत राहिले. या रिसाल्यात बटणांचं भारी वेड होतं. कवायतीच्या दिवशी साहेब रांगेतून चालत यायचा आणि प्रत्येक स्वाराच्या गळ्याखालच्या बटणात स्वतःचा चेहरा शोधायचा. दिसला नाही तर त्या स्वारानं घोड्यावर बसायचं नाही, लगाम धरून सगळ्यांसमोर पायी घरी जायचं. म्हणून बटणं रोज घासली जायची, वर्षानुवर्षं. पितळेची एक खाच पाडलेली पट्टी बटणामागे सरकवायची, म्हणजे कोटाला डाग पडत नसे, आणि वरून अंगठ्यानं रगडायचं. उजवा अंगठा उजवीकडून येतो, त्याचा भार उजव्या कडेवर पडतो. घोड्याचं तोंड नेमकं तिथेच. रिसाल्यानं अशी आपल्याच सगळ्या घोड्यांची तोंडं पुसून टाकली होती.

"तुमचं बटण डावीकडून झिजलंय," बाई म्हणाल्या. "आणि पुट होतं तोवर हा उतार इतका दिसलाही नसता." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुम्ही कुठल्या हातानं घासलंत?"

"डाव्या," ती पुटपुटली. हात मागे घ्यावासा वाटला तिला.

"ठेवा बघू अंगठा."

तिनं ठेवला. अंगठा त्या उतारावर निवांत बसला. बाई हसल्या. "घाबरू नका, एका दुपारीत पितळ एवढं झिजत नाही. पण ज्यानं कुणी हे झिजवलं, त्याचा हात असाच होता."

"शक्य नाही," रिसालदार म्हणाले. "आजोबा उजवेच. रिसाल्यात डावखुरा घेतच नसत. रांगेत एकट्याची तलवार उलट्या बाजूला आली तर शेजारच्याचा कान जायचा!"

"स्वार कुठे बटणं घासायचे? त्यांचा सगळा दिवस घोडा घासण्यात जायचा. कोट घरी यायचे. बटणं बायका घासायच्या."

रिसालदारांनी खणातल्या बिनतोंडाच्या घोड्यांकडे पुन्हा पाहिलं.

बाईंनी बटण उलटं केलं. मागची कडी बघितली. "हे तुटलं कसं, काही माहिती आहे?"

सुनेच्या डोळ्यांपुढून तलवार, सोबती आणि लाडिक घोडा असे सगळे एकामागून एक गेले. रिसालदारांच्याही गेले असावेत. "लढाईत," ते हळूच म्हणाले.

"ओढून तुटलं असतं तर कडी वाकली असती. ही सरळ आहे. कुणीतरी धागा कापून नीट काढून घेतलंय." असं म्हणून त्या दोघांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

तिथे कोट टांगले होते. गडद निळे, उंच गळ्याचे, आत माणूस नसूनही छाती काढलेले. मोठं युद्ध झालं तेव्हा रिसाला समुद्रापार गेला, बाई म्हणाल्या, साध्या मळखाऊ कपड्यांत. घोडे बोटीत चढवले, त्यांतले कितीतरी वाटेतच मेले. तिकडे चिखलात घोड्यांना काही कामच उरलं नाही. स्वारांना खंदक खणायला लावलं. हे नटलेले कोट इकडे घरोघरी खुंटीवर राहिले. जे परत आले त्यांनी ते शेवटच्या कवायतीला घातले. जे आले नाहीत त्यांच्या घरी शिपाई गेला आणि सरकारी माल म्हणून कोट परत घेऊन आला.

"हे ते परत आणलेले," बाई म्हणाल्या. "गळ्याखाली बघा."

प्रत्येक कोटाचं सगळ्यात वरचं बटण नव्हतं. जागेवर कापलेल्या धाग्याची टोकं तेवढी राहिली होती. बाकीची बटणं वरपासून खालपर्यंत होती, मुंडकं गेलेल्या घोड्यांची.

"आम्ही आजवर समजत होतो की भांडारातून चोरीला गेली," बाई म्हणाल्या. "ज्यात साहेब तोंड बघायचा तेच बटण, आणि दरवेळी तेच. आज पहिल्यांदा त्यातलं एक परत आलेलं बघतेय."

सुनेला एक बाई दिसत होती, दारात शिपाई उभा असताना आत जाऊन कात्री शोधणारी. त्या बाईचं काय झालं असेल, तिनं ते बटण कुठे लपवलं असेल, पुढे कधी घासलं असेल का, असं मनात येऊन तिचे डोळे भरून आले. सासऱ्यांकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

"आयाळीत जे पांढरं राहिलंय ना," बाई तिला म्हणाल्या, "तेवढं तुम्ही काढलं नाहीत ते फार बरं केलंत. ती जुनी लुकटी आहे. शेवटी ज्या हातानं घासलं, त्याची."

प्रदर्शनासाठी बटण द्याल का, असं बाईंनी विचारलं तेव्हा रिसालदारांनी घसा खाकरला. "देईन. पण संपलं की परत पाहिजे. ते परत करायला नव्हतं कापलेलं." भाषण त्यांनी केलं नाही. खिशातला कागद खिशातच राहिला.

घरी येताना बसमध्ये ते गप्पच होते. सकाळची चुप्पी रागाची होती, आताची कसली ते तिला कळेना. घोडं आता कुठं पेंड खातंय म्हणून ती चोरून बघायची, तर ते आपल्या मोकळ्या हातांकडे बघत बसलेले. संध्याकाळी नवरा यायच्या आत काहीतरी करावं म्हणून तिनं तवा ठेवला, खणातून उलथनं घेतलं आणि धिरडं घातलं. रिसालदार स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिला वाटलं, आता चौकटीला चहा विचारतील.

"ते उलथनं," ते म्हणाले. "दे बघू."

तिनं दिलं. त्यांनी धारेवरून बोट फिरवलं, तिरप्या झिजलेल्या कडेवरून, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. मग उजव्या हातात धरून हवेतच उलटवून बघितलं आणि डाव्या हातात घेऊन पुन्हा बघितलं.

"आजीचं आहे हे," ते म्हणाले. "माझी आई म्हणायची, सासूबाईंचं उलथनं, टाकवतही नाही आणि वापरवतही नाही. वाकडं आहे म्हणायची. आम्ही सगळेच म्हणत आलो." ते थांबले. "आजी गेली तेव्हा मी अगदी लहान होतो. आठवते ती फक्त तिची थापट. फार मस्ती केली की समोर उभं करायची आणि इथं द्यायची." त्यांनी हात आपल्या उजव्या गालावर ठेवला. "नेहमी इथंच. मला वाटायचं, सगळ्यांच्या आज्या याच गालावर मारतात."

तो हात त्यांनी गालावरून काढला नाही. एवढा मोठा माणूस गालावर हात धरून स्वयंपाकघराच्या दारात रडतोय, हे तिनं पाहिलं आणि तिला काय करावं ते सुचेना. तिनं गॅसही बारीक केला नाही.

"आयुष्यभर आजोबांच्या गोष्टी सांगितल्या," ते म्हणाले. "ज्या माणसाला मी बघितलं नाही त्याच्या. आणि जिनं मला थोपटून झोपवलं असेल तिची एक गोष्ट नाही माझ्याकडे. ते बटण रोज घासायची ती, तो परत यायचा नाही हे कळल्यावर कापून ठेवायची ती, आणि मी सांगतोय काय, तर घोड्यानं दातांनी ओढलं!"

"गोष्ट चांगली होती ती, बाबा," ती म्हणाली.

ते रडता रडता हसले. उलथनं त्यांनी तिच्या पुढे धरलं, आणि तिनं उजवा हात पुढे केला तसं मान हलवून मागे घेतलं, तिनं डावा पुढे करेपर्यंत.

"आमच्या घराण्यात डावखुरं कुणी झालं नाही, असं म्हणालो होतो ना मी तुला?"

तिनं डाव्या हातात उलथनं घेतलं.

"झालं होतं, पोरी," ते म्हणाले. "तू दुसरी."

तव्यावरचं धिरडं तोवर काळं ठिक्कर पडलं होतं. तिनं ते उलथन्यानं खरवडून काढलं, ताटात घातलं, आणि नवऱ्यासाठी दुसरं घालायच्या आधी दोघांनी मिळून ते तसंच खाऊन टाकलं.